थेंबाएवढे औषध : मधुमेह आणि डोळ्यांत घालावयाचे थेंब

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांनी आम्हांला आठवीपासून संस्कृत आणि मराठी शिकविले. जुन्या विद्यार्थ्यांना त्यांचा खणखणीत आवाज, काळा बंद गळ्याचा कोट आणि फळ्यावरचे टपोरे अक्षर आठवत असेल. त्यांच्या अखेरच्या वर्षांची हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. निवृत्तीनंतर काही वर्षांतच त्यांना वाचता येईनासे झाले. मी त्या वेळी महाविद्यालयात नुकताच अध्यापक म्हणून रुजू झालो होतो. आठवड्यातून दोनदा मी जुन्या इंदुरातील त्यांच्या घरी जाई आणि त्यांना वर्तमानपत्र व एखादे पुस्तक वाचून दाखवी.

गुरुजींना मधुमेह होता. डोळे लाल होतात, चुरचुरतात, अशी तक्रार त्यांनी एका औषधविक्रेत्याकडे केली आणि त्याने थेंबांची एक बाटली दिली. त्या थेंबांनी खरोखरीच आराम पडे. म्हणून एक बाटली संपली की दुसरी येई. असे दीड-दोन वर्षे चालले. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा योग आला, तेव्हा त्यांनी ती बाटली उजेडात धरून वाचली आणि विचारले, “हे किती दिवस घालता आहात, गुरुजी?” त्या थेंबांत प्रतिजैविकाच्या जोडीला स्टेरॉइड होते. त्याने डोळ्यांतील दाब वाढत गेला होता आणि दृष्टीची नस वाळली होती. वाळलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. शब्दाचा अर्थ कोशात पाहिल्यावाचून तो शब्द वापरू नये, असा ज्यांचा दंडक होता, त्यांनी त्या बाटलीवरचे नाव कोणाला विचारले नाही. आणि त्यांच्या उशाशी असलेली ती बाटली शेकडो वेळा पाहणारा मी, तासन् तास त्यांना वाचून दाखविणारा मी, तेवढ्या दोन ओळी मात्र कधी वाचल्या नाहीत.

मराठीच्या प्राध्यापकाने या विषयावर का लिहावे, याचे उत्तर एवढ्यात यावे. दुसरे कारण असे की, मला स्वतःला मधुमेह होऊन आता सत्तावीस वर्षे झाली आणि काचबिंदूचे थेंब मी चौदा वर्षे घालीत आहे. मी वैद्य नव्हे. पुढील विवेचन माझ्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून समजून घेतलेले आहे. ते वाचून कोणी आपले चालू औषध परस्पर बंद करू नये वा बदलू नये. काचबिंदूचे थेंब अचानक सोडणे हे तर भलते थेंब घालण्याइतकेच घातक आहे.

प्रथम एक भाषिक घोटाळा निस्तरला पाहिजे. मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन्ही व्याधींच्या नावांत ‘बिंदू’ आहे. औषधालाही आपण नेत्रबिंदू म्हणतो. नावांच्या या साम्यामुळे अनेकांची अशी समजूत होते की, दोन्ही बिंदू थेंबांनी जातात. वास्तविक मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील भिंगाला येणारा गढूळपणा. तो विरघळविणारे थेंब अद्याप निघालेले नाहीत. त्यावर उपाय शस्त्रक्रियेचा. काचबिंदूत डोळ्यातील द्रवाचा दाब बहुधा वाढतो आणि मागची नस झिजते. येथे थेंब उपयोगी पडतात, पण ते गेलेली दृष्टी परत आणीत नाहीत, राहिलेली राखतात. आणि मधुमेहाचा खास म्हणता येईल असा जो नेत्रविकार, म्हणजे दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या पाझरणे, फुटणे, नव्या ठिसूळ वाहिन्या फुटून येणे, त्याला कोणतेही थेंब लागू पडत नाहीत. थेंब पुढच्या भागात राहतात, विकार मागच्या पडद्यावर असतो. त्याला लेसर, डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने, क्वचित शस्त्रक्रिया आणि सर्वांच्या मुळाशी साखरेचा व रक्तदाबाचा ताबा हेच उपाय. साखर काटेकोर ताब्यात ठेवल्याने हा विकार लांबतो, हे अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने आणि इंग्लंडमधील १९९८ च्या अभ्यासाने निःसंशय दाखविले आहे.

या विकाराचे कपट असे की, प्रारंभी तो दुखत नाही आणि दिसण्यातही फरक पडू देत नाही. म्हणून प्रौढ वयात मधुमेह झालेल्याने निदान होताच आणि पुढे निदान वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावयाचा असतो. “मी रोज थेंब घालतो, मला तपासणीची काय गरज?” हे वाक्य मी आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकले आहे. पोहे-जिलेबीच्या या शहरात मधुमेही माणसांची वाण नाही. साऱ्या देशाचा विचार केला, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज दहा कोटींहून अधिक मधुमेहींचा आहे.

आता थेंबाकडे वळू. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारणतः तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा असतो. खालच्या पापणीच्या खोबणीत फार तर तीसभर मायक्रोलिटर द्रव मावतो आणि तेथे आधीच थोडे अश्रू असतात. म्हणजे एक थेंबसुद्धा डोळ्याला जास्तच होतो. दुसरा घालणे म्हणजे औषध गालावर ओघळू देणे. मात्र सगळे जास्तीचे औषध गालावर ओघळत नाही, आणि धोक्याचे मूळ येथेच आहे. पापण्यांच्या नाकाकडील कोपऱ्यात दोन बारीक छिद्रे असतात. त्यांतून अश्रू नलिकेवाटे नाकात उतरतात. रडताना नाक वाहते ते याचमुळे, आणि थेंब घातल्यावर घशात कडू लागते तेही याचमुळे. नाकाच्या अस्तरातून औषध थेट रक्तात शिरते. गिळलेली गोळी आतड्यातून यकृतात जाते आणि तेथे तिचा बराच अंश खर्ची पडतो. थेंबाला हा जकातनाका लागत नाही. म्हणून थेंबाएवढे औषध म्हणून त्याला कमी लेखता येत नाही.

काचबिंदूवर १९७८ पासून वापरात असलेले टिमोलॉल हे औषध या दृष्टीने मधुमेहींनी विशेष ओळखून असावे. ते बीटा-ब्लॉकर वर्गातील आहे. या वर्गातील औषधे हृदयाची गती कमी करतात, दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात आणि रक्तातील साखर उतरल्याची जी सूचना शरीर देते ती दडपू शकतात. साखर फार खाली गेली की छाती धडधडते, हात कापतात. हीच मधुमेहीची घंटा. टिमोलॉल ती घंटा बांधून ठेवते. घाम तेवढा सुटतो, कारण त्याचा मार्ग वेगळा आहे. जे केवळ आहारावर आहेत त्यांना ही अडचण सहसा येत नाही. जे इन्शुलिन घेतात, किंवा साखर उतरविणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांना ती येऊ शकते.

माझ्या बाबतीत ती एका आषाढी एकादशीला आली. सकाळचे इन्शुलिन नेहमीप्रमाणे घेतले, थेंब नेहमीप्रमाणे घातले आणि फराळाला उशीर केला. मी पोथी वाचीत होतो. हिच्या लक्षात आले की, मी तीच ओवी तिसऱ्यांदा वाचतो आहे आणि सदऱ्याची पाठ घामाने भिजली आहे. मला स्वतःला काहीच वाटत नव्हते. धडधड नाही, कंप नाही. तिने यंत्रावर बोट टोचून पाहिले तेव्हा आकडा ४८ होता. ७० च्या खाली गेला की साखर घ्यावयाची, हे आम्हां दोघांना पाठ होते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिने मला पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग राजगिऱ्याचा लाडू दिला.

दुसऱ्या दिवशी मी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, डोळ्यांत काही घालता का?” मी बाटली काढून दिली. ते म्हणाले, “हे आपण मला कधी सांगितले नाहीत.” मी सांगितले नव्हते, कारण डोळ्यांत घालावयाचा थेंब हे औषध आहे अशी माझ्या मनाची धारणाच नव्हती. औषध म्हणजे पोटात जाते ते! डोळ्यांच्या दवाखान्यातही मला इन्शुलिनविषयी कोणी विचारले नव्हते, हे खरे. पण मीही आपण होऊन सांगितले नव्हते. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते आणि त्यांच्यामधली जागा भरून काढण्याचे काम माझे होते. पुढे मला लॅटानोप्रोस्ट या वेगळ्या वर्गातील थेंबांवर नेण्यात आले. ते रात्री एकदाच घालावे लागतात आणि साखरेच्या सूचनेत ढवळाढवळ करीत नाहीत. त्यांनाही एक पथ्य आहे : दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज असेल तर ती हे औषध लिहून देणाऱ्याच्या कानावर घालावी, कारण ती क्वचित वाढू शकते.

टिमोलॉल वाईट औषध आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. स्वस्त आणि परिणामकारक असे ते औषध असंख्य लोकांची दृष्टी राखून आहे. ज्यांना ते चालू आहे त्यांनी थेंब घातल्यावर डोळा हलकेच मिटून, नाकाकडील कोपऱ्यावर बोट दाबून दोन-तीन मिनिटे बसावे. छिद्रांची वाट अडली की रक्तात जाणारे औषध निम्म्याहून कमी होते आणि डोळ्यात ते अधिक वेळ राहते. माझ्या पाहण्यात ही साधी युक्ती दहांतले आठ लोक करीत नाहीत. उलट थेंब पडताच डोळ्यांची जोरात उघडझाप करतात. म्हणजे पंपाने औषध नाकात ढकलतात.

स्टेरॉइडच्या थेंबांकडे पुन्हा येतो, कारण गुरुजींची गोष्ट जुनी झाली तरी बाटली जुनी झालेली नाही. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही त्यांतली नेहमी आढळणारी नावे. बाटलीवर ती बारीक अक्षरांत, बहुधा प्रतिजैविकाच्या नावाला जोडून असतात. लाली आणि चुरचुर ती झपाट्याने घालवितात. म्हणूनच ती मोहात पाडतात. काही माणसांत या औषधाने डोळ्यांतील दाब काही आठवड्यांतच चढू लागतो, आणि मधुमेही माणसांत असे होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. दीर्घकाळ वापराने मोतीबिंदूही लवकर येतो. बुबुळावर जंतूंचा वा बुरशीचा व्रण असेल तर स्टेरॉइड लाली झाकते आणि व्रण आतून पसरू देते. शेतात काम करताना गव्हाचे कूस किंवा काडी डोळ्याला लागली असेल तर हा धोका फार मोठा. कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकावयाची नाहीत. प्रत्यक्षात काय चालते, ते आपण सारेच जाणतो.

हेच औषध योग्य हाती मात्र अमृत ठरते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते काही आठवडे देतात आणि थेंबांची संख्या पायरीपायरीने कमी करीत नेतात. त्या काळात क्वचित कोणाची साखरही थोडी चढते, म्हणून ती अधिक वेळा मोजावी. त्याच वेळी सूज ओसरावी म्हणून केटोरोलॅक किंवा नेपाफिनॅक यांसारखे वेदनाशामक थेंबही देतात. मधुमेहींच्या दृष्टिपटलाला शस्त्रक्रियेनंतर सूज येण्याची भीती अधिक, म्हणून त्यांना ते उपयोगीच. पण सांगितलेल्या मुदतीपुढे ते चालू ठेवल्यास मधुमेही माणसाचे बुबुळ विरघळण्यापर्यंत मजल जाऊ शकते. “बाटलीत अजून उरले आहे, मग वाया कशाला घालवा?” हा आपल्या मध्यमवर्गीय संस्कारांतला काटकसरीपणा येथे महाग पडतो.

बुबुळाचा विषय निघालाच आहे, तर मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. मधुमेहात पायांना बधिरता येते हे आपण जाणतो. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यालाही, म्हणजे पारपटलालाही, तशीच बधिरता येऊ शकते, हे पुष्कळांना माहीत नसते. निरोगी माणसाच्या शरीरात त्याच्याइतका संवेदनशील भाग दुसरा क्वचितच असेल. धुळीचा एक कणही तेथे सहन होत नाही. मधुमेह मुरला की त्याच्या नसा विरळ होतात. मग बाटलीचे टोक डोळ्याला घासले तरी जाणवत नाही, ओरखडा उठला तरी दुखत नाही, डोळे कोरडे पडले तरी पाणी येत नाही, आणि उठलेला ओरखडा भरून यायलाही वेळ लागतो. म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ ही कसोटी आपल्याला लागू नाही. डोळा लाल झाला, अंधुक दिसू लागले, उजेड सोसेना, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवावे. तपासणीच्या वेळी डोळा बधिर करण्याचे थेंब डॉक्टर घालतात. ते मागून घेऊन घरी वापरण्याचा मोह तर कोणीही करू नये. आधीच मुक्या झालेल्या पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखेच ते आहे.

थेंब घालण्याची रीत यावरूनच ठरते. हात साबणाने धुवावेत. मान मागे टाकून किंवा सरळ अंथरुणावर पडून, खालची पापणी बोटाने ओढून खोबण करावी, वर पाहावे आणि बाटली डोळ्यापासून बोटभर वर धरून एक थेंब सोडावा. टोक पापणीला, केसाला, बोटाला, कशालाही लागता कामा नये. दुसरे औषध असेल तर पाच मिनिटे थांबावे, नाही तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. मलम असेल तर ते शेवटी. मधुमेहात बोटांचे सांधे ताठरतात आणि बाटली दाबणे जड जाते. अशा वेळी घरातल्या कोणाची मदत घेण्यात कमीपणा नाही. थेंब डोळ्यात पडला की गालावर, हे कळत नसेल तर, आणि ते औषध गार ठेवण्यास हरकत नसेल तर, बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून पाहावी; गार थेंब पापणीच्या कातडीला कळतो.

उघडलेली बाटली साधारणतः महिन्याने टाकून द्यावी, मग आत कितीही उरलेले असो आणि वेष्टणावरची मुदत कितीही लांबची असो. ती मुदत न उघडलेल्या बाटलीची असते. काही औषधांना थोडा अधिक काळ चालतो. लॅटानोप्रोस्ट उघडल्यावर सहा आठवडे चालते, तर परिरक्षक नसलेल्या एकवापरी कुप्या उघडल्यावर लगेच वापरून फेकावयाच्या. फ्रिजमध्ये ठेवावयाचे असेल तर दारात ठेवावे, बर्फाच्या खणाजवळ नव्हे. इन्शुलिनलाही हेच लागू आहे. कानाचे थेंब, होमिओपॅथीच्या कुप्या आणि ती झटपट चिकटविणाऱ्या गोंदाची नळी एकाच डब्यात ठेवू नयेत. अंधुक दिसणाऱ्या माणसाने गोंद डोळ्यात घातल्याची उदाहरणे नेत्रतज्ज्ञांच्या परिचयाची आहेत.

जंतूंची भीती काल्पनिक नव्हे. २०२३ साली अमेरिकेत कोरड्या डोळ्यांसाठी विकल्या गेलेल्या कृत्रिम अश्रूंतून औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनस हा जंतू पसरला. ८१ रुग्ण आढळले, त्यांतले चौघे दगावले, चौदा जणांची दृष्टी गेली. ते थेंब तमिळनाडूतील एका कारखान्यात तयार झाले होते आणि त्यांत परिरक्षक द्रव्य नव्हते. कृत्रिम अश्रू म्हणजे निरुपद्रवी पाणी, अशी आपली समजूत असते. खात्रीच्या ठिकाणाहून, सीलबंद बाटली घेण्यापलीकडे आपल्या हाती फारसे नाही. पण तेवढे तरी आहे.

बाहुली मोठी करण्याच्या थेंबांविषयी थोडेच सांगतो. जुन्या मधुमेहींची बाहुली सहजी मोठी होत नाही, म्हणून थेंब पुन्हा पुन्हा घालावे लागतात. त्यांतील फेनिलेफ्रिनने, विशेषतः ते दहा टक्क्यांचे असेल तर, रक्तदाब चढू शकतो. हृदयविकार असल्यास आधी सांगावे. नंतर काही तास स्कूटर चालवू नये. उशिरापर्यंत बसावे लागते, तेव्हा खाण्याचा डबा जवळ ठेवावा.

घरगुती उपायांबद्दल बोलताना मला संकोच वाटतो, कारण आश्च्योतन हा शब्द मी अभिमानाने शिकविला आहे. डोळ्यांत औषधाचे थेंब सोडण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे, आणि ती वैद्याने सिद्ध केलेल्या द्रव्याने करावयाची आहे. बरणीतला मध, तूप, गुलाबजल किंवा रात्री भिजविलेल्या त्रिफळ्याचे पाणी थेट डोळ्यात घालणे म्हणजे आश्च्योतन नव्हे. हे पदार्थ निर्जंतुक नसतात, आणि आपल्या बधिर, सावकाश भरणाऱ्या बुबुळाला ते परवडणारे नाहीत. डोळ्यांत तेल घालून जपावे हा वाक्प्रचार आहे, चिठ्ठी नव्हे.

आता माझ्या खिशात एक पोस्टकार्डाएवढा कागद असतो. एका बाजूला पोटात घ्यावयाची औषधे, दुसऱ्या बाजूला डोळ्यांतली, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘मधुमेह, इन्शुलिन चालू’ असे लिहिलेले आहे. कोणत्याही दवाखान्यात गेलो की विचारण्याची वाट न पाहता मी तो टेबलावर ठेवतो. आमच्या फ्रिजच्या दारातल्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख हिच्या अक्षरात असते. ते अक्षर लावायला कठीण असल्याने महिन्यातून एकदा आमचा वाद होतो, आणि बहुधा तिचीच तारीख बरोबर निघते.